सल्ला हवा: जुने फोटो दुरुस्त करायला असं सॉफ्टवेअर, ज्यात अर्धा दिवस बटणं शोधण्यात जाणार नाही

कृष्णाकाठ

मंडळी, आमच्या शाळेची शताब्दी आहे. स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून जुने फोटो मागवले होते, तीनशेच्या घरात जमलेत. बहुतेक कृष्णधवल. कुणावर बुरशीचे डाग, कुणाची घडी पडून मधोमध पांढरी रेघ, एकदोन तर फ्रेमच्या काचेला चिकटून निघालेले. स्कॅनिंग आणि दुरुस्तीचं काम आमच्या निवृत्त चित्रकला शिक्षकांनी आनंदाने अंगावर घेतलंय. सर तरुणपणी सुट्टीत एका स्टुडिओत निगेटिव्हवर रिटचिंग करायचे, भिंगाखाली, टोकदार पेन्सिलीने. त्यामुळे चेहऱ्यावर कुठे हात लावायचा आणि कुठे थांबायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. घोडं अडलंय ते सॉफ्टवेअरपाशी.

कुणीतरी गिम्प नावाचं मोफतचं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर टाकून दिलंय. परवा मी शेजारी बसून बघितलं. १९६१ सालच्या अकरावी मॅट्रिकच्या वर्गाचा ग्रुप फोटो, मधल्या खुर्चीत मुख्याध्यापक, त्यांच्या कोटावर पांढरा डाग. सरांनी शेजारचा चांगला भाग उचलून डागावर पेस्ट केला. तो तुकडा धड नवीन लेयर (फोटोवरचा वेगळा थर) नाही, धड फोटोचा भाग नाही, मधेच तरंगत राहिला आणि अर्धे मेनू राखाडी झाले. ते सोडवल्यावर ब्रश घेतला, तर उमटेचना. रंग बदलला, जाडी वाढवली, तरी काही नाही. संदेश नाही, इशारा नाही. शेवटी मी फोटो पूर्ण लहान करून पाहिला तेव्हा कळलं, वरच्या कोपऱ्यात नखाएवढं सिलेक्शन (निवडलेला भाग) चालू राहिलं होतं. झूम केल्यामुळे ते पडद्याबाहेर गेलेलं. ब्रश फक्त त्या नखाएवढ्या जागेत चालणार होता आणि ही गोष्ट सांगायची सॉफ्टवेअरला गरज वाटली नव्हती!

त्यानंतर 'सेव्ह'मध्ये जेपीजी सापडेना. मग कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि उजवीकडचा सगळा पॅनेल गायब. चष्मा सारखा करत सर म्हणाले, "हे आता माझ्याच्यानं व्हायचं नाही." मला ते ऐकवलं नाही. ज्या माणसाने आम्हाला रेषा काढायला शिकवली, त्याचा हात अजून तितकाच स्थिर आहे.

तर जाणकारांनी सांगा: विंडोज १० चा साधा संगणक आहे, ८ जीबी रॅम. दरमहा पैसे भरायची समितीची ऐपत नाही. एआयने 'सुधारलेले' चेहरे अजिबात नकोत, माणूस होता तोच राहिला पाहिजे. फोटोखाली मराठीत नावंही टाकायची आहेत. काय वापरावं?

अल्बमवाला_सांगली

ताई, आधी सरांना नमस्कार सांगा. निगेटिव्ह रिटचिंग केलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत.

माझा लग्नाच्या अल्बमचा धंदा आहे. माझं मत: सरांना फोटोपी द्या. ब्राउझरमध्ये उघडतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, पैसे पडत नाहीत, बाजूला जाहिराती दिसतात एवढंच. रचना बरीचशी फोटोशॉपसारखी आहे. याचा मोठा फायदा असा की गावात कुठल्याही डीटीपीवाल्याला बोलावलं तरी तो सरांना मदत करू शकतो. फोटो त्यांच्या सर्व्हरवर चढत नाही, काम तुमच्याच संगणकावर होतं. काळजी एकच घ्यायची: ब्राउझरचा टॅब बंद केला की न साठवलेलं काम गेलं, म्हणून मधूनमधून पीएसडी (लेयरसकट साठवलेली फाइल) उतरवून ठेवायची.

डागांसाठी चौकोन उचलून चिकटवायची पद्धत सोडाच. 'स्पॉट हीलिंग ब्रश' घ्या, बँडेजचं चित्र असलेलं बटण. डागापेक्षा जेमतेम मोठा ब्रश करायचा आणि टिचकी मारायची. भोवतीचा पोत घेऊन ते भरतं. कोट, भिंत, आकाश, साडीचा साधा भाग यांना छान. डोळे, ओठ, भांग यांच्याजवळ मात्र ते कुठूनही काहीही उचलतं, तिथे 'क्लोन स्टॅम्प' घेऊन आल्ट दाबून आपण सांगू तिथलंच उचलायचं. सरांना हा फरक एका मिनिटात समजेल.

आमच्या धंद्यात अजूनही फोटोशॉप ७ वर दुकान चालवणारे आहेत. २००२ ची आवृत्ती. हीलिंग ब्रश पहिल्यांदा त्यातच आला. नवीन आवृत्ती परवडत नाही हे एक कारण, पण दुसरं कारण असं की त्यांच्या बोटांना सगळं पाठ आहे आणि कुणी येऊन जागा बदलत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या फोटोशॉपमध्ये शिफ्टचा अर्थ उलटा झाला. तोवर प्रमाण राखून फोटो लहानमोठा करायला शिफ्ट दाबायचा, आता न दाबता प्रमाण राहतं आणि दाबला की फोटो ताणला जातो. नव्याने शिकणाऱ्याला नवीन पद्धत सोपी आहे, हे मान्य. पण वर्षानुवर्षं शिफ्टवर बोट ठेवून काम करणाऱ्याच्या अल्बममध्ये त्यामुळे नवरदेव रुंद होतो. प्रेफरन्सेसमध्ये 'लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म' अशी खूण करून जुनी सवय परत मिळते. ती खूण आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

रेघोट्या

मी इंटरफेस डिझाइनचं काम करते, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलेल्या चारही अडचणींचं मूळ एकच आहे. सॉफ्टवेअर एका विशिष्ट अवस्थेत असतं आणि ती अवस्था तुम्हाला दिसत नाही. सिलेक्शन चालू आहे, पण पडद्याबाहेर. पेस्ट केलेला तुकडा तरंगतोय, पण त्याची खूण लेयरच्या यादीतल्या एका बारीक ओळीत. आमच्याकडे याला 'मोड' म्हणतात. एकाच कृतीचा अर्थ मोडप्रमाणे बदलतो आणि मोड लपलेला असला की माणूस स्वतःलाच बोल लावतो. लॅरी टेस्लर नावाचे संशोधक झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत होते, ते या मोडांविरुद्ध आयुष्यभर भांडले. आपण सगळे वापरतो त्या कट-कॉपी-पेस्टमध्ये त्यांचा मोठा वाटा. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' असं होतं. २०२० मध्ये ते गेले.

फोटो संपादनात मोड पूर्णपणे टाळता येत नाहीत, सिलेक्शन आणि लेयर हवेतच. पण ते दाखवणं डिझाइनरच्या हातात असतं. ब्रश चालणार नसेल तर कर्सर बदलून दाखवा, 'सिलेक्शन दुसरीकडे आहे' अशी एक ओळ खाली लिहा. एवढं केलं असतं तर सरांवर ती वेळ आली नसती. त्यांना माझ्याकडून आवर्जून सांगा की ही त्यांच्या वयाची गोष्ट नाही. विशीतली मुलंही इथेच अडकताना मी समोर बसून पाहिली आहेत. फरक इतकाच की ती प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडतात.

तोवर उपाय म्हणून सरांना एक सवय लावून द्या. ब्रश उमटला नाही तर रंग किंवा जाडी बदलायच्या भानगडीत न पडता आधी सिलेक्शन काढून टाकायचं. फोटोशॉप आणि फोटोपीत कंट्रोल + डी, गिम्पमध्ये कंट्रोल + शिफ्ट + ए. तरीही नाही उमटला तर लेयरच्या यादीत कुठली ओळ उजळलेली आहे ते बघायचं. बहुतेक वेळा उत्तर या दोन्हींपैकी एका ठिकाणी मिळतं.

गायब झालेल्या पॅनेलबद्दल: सरांकडून बहुधा टॅब दाबला गेला असणार. या जातीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये टॅबने सगळे पॅनेल लपतात आणि पुन्हा दाबला की परत येतात.

निबर_माणूस

थोडं विरोधात बोलतो, राग मानू नका. ही व्यावसायिक हत्यारं आहेत. दिवसभर वापरणाऱ्याला वेग हवा असतो, त्याला दर पावलाला सूचना नको असतात. शिकायला वेळ लागणारच. हार्मोनियमही पहिल्या दिवशी वाजत नाही. सगळं सोपं करत गेलात की मोबाइलवरच्या फिल्टरवाल्या ॲपसारखं होतं, तीन बटणं आणि चौथं काही करताच येत नाही.

रेघोट्या

वेग हवा हे शंभर टक्के मान्य. पण अवस्था दाखवल्याने वेग कमी होत नाही, उलट वाढतो. आणि मोबाइलचं म्हणाल तर तिथे लपवाछपवी जास्तच आहे. स्नॅपसीड घ्या. बोट वरखाली फिरवलं की ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट असा घटक निवडला जातो आणि आडवं फिरवलं की तो कमीजास्त होतो. कुणी सांगितलं तर फारच सुरेख, नाहीतर पडद्यावरून कळायला मार्ग नाही. अवघड असणं वेगळं आणि लपलेलं असणं वेगळं. बुरशी लागलेला चेहरा वाचवणं अवघड आहे, ते सर करतीलच. सेव्हचं बटण शोधणं अवघड असायचं काही कारण नाही.

निबर_माणूस

हे पटलं. विशेषतः शेवटचं.

उंदीरमामा

मी गिम्प रोज वापरतो आणि मला ते मनापासून आवडतं, म्हणून त्याच्या बाजूने पण खरं खरं लिहितो.

सेव्हचं कोडं असं: २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून गिम्पमध्ये 'सेव्ह' म्हणजे फक्त त्यांची स्वतःची एक्ससीएफ फाइल. जेपीजी, पीएनजी, टिफ हवी असेल तर 'एक्स्पोर्ट', म्हणजे कंट्रोल + शिफ्ट + ई. यामागचा विचार चांगला होता. जेपीजीत लेयर राहत नाहीत, म्हणून काम हरवू नये. पण बाकी जगात सेव्ह म्हणजे सेव्ह असताना ही वाट वेगळी पडली आणि त्यावर तेव्हा भरपूर रणं माजली. पुढे २०२१ मध्ये फोटोशॉपनेही लेयर असलेल्या फाइलसाठी जेपीजी 'सेव्ह ॲज'मधून काढून 'सेव्ह अ कॉपी'त नेलं. तिथेही इतकी ओरड झाली की जुनी पद्धत परत मिळवायची सोय प्रेफरन्सेसमध्ये द्यावी लागली.

गिम्प घ्यायचंच तर ३.० किंवा त्यापुढचं घ्या, जुनं नको. ३.० मार्च २०२५ मध्ये आलं. त्यात साधं पेस्ट केलं की सरळ नवा लेयर तयार होतो, तरंगता तुकडा नाही. ब्रशच्या पर्यायांत 'एक्स्पांड लेयर्स' आलंय. आधी लेयरच्या सीमेबाहेर ब्रश गेला की काहीच उमटायचं नाही, आता लेयर आपोआप मोठा होतो. ही दोन दुखणी कित्येक वर्षांची होती.

सरांना बसवण्याआधी तुम्ही स्वतः एकदा सेटिंग लावून द्या. प्रेफरन्सेसमध्ये टूलबॉक्सच्या पानावर 'यूज टूल ग्रुप्स'ची खूण काढा. २०२० पासून सारखी हत्यारं एकाच बटणाखाली दडवलेली असतात, खूण काढली की प्रत्येक हत्यार वेगळं दिसतं. आयकॉनचा आकार मोठा करा. गडद पार्श्वभूमीवर राखाडी आयकॉन वयस्कर डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून थीम फिकी घ्या. 'विंडोज' मेनूत 'सिंगल-विंडो मोड' चालू आहे ना बघा. पॅनेल चुकून बंद झाला तर त्याच मेनूत 'रीसेंटली क्लोज्ड डॉक्स' असतं.

सर्वात उपयोगी कळ कुणी सांगतच नाही: तिरकी रेघ, /. ती दाबली की शोधाची चौकट उघडते. 'हील', 'रोटेट' असं जे हवं ते टाइप करायचं आणि एंटर. मेनूच्या जंगलात शिरायलाच नको.

अबोलीची_आई

दुरुस्ती न लागणारे फोटो वेगळे काढा हो आधी. तीनशेतल्या निम्म्यांना तरी फक्त सरळ करणं, कडा कापणं आणि थोडा उजेड एवढंच लागत असेल. त्यासाठी इरफानव्ह्यू पुरतं, विनाव्यावसायिक वापराला मोफत आहे. सरांचा वेळ त्या कोटावरच्या डागासाठी राखून ठेवा.

मला अजून पिकासाची आठवण येते. २०१६ मध्ये गूगलने ते बंद केलं. कापा, सरळ करा, उजेड द्या, आणि मूळ फोटो जिथल्या तिथे शाबूत. माझ्या सासूबाई कुणालाही न विचारता ते वापरायच्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. रेघोट्या, तुमचा प्रतिसाद सरांना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला त्यांनी.

फोटोपी आणि गिम्प ३ दोन्ही समोर ठेवलं. सरांनी फोटोपी निवडलंय. कारण त्यांचंच: "यात हत्यार हातात घेतल्यावर वर लगेच दिसतं की त्याचं काय काय बदलता येईल." बँडेजच्या ब्रशने कोट साफ झाला. मुख्याध्यापकांच्या मिशीपाशी मात्र त्यांनी स्टॅम्प घेतला आणि ब्रशची अपारदर्शकता कमी करून हलक्या हाताने थरावर थर दिले, पेन्सिल रिटचिंगमध्ये द्यायचे तसे. मूळ फोटोची झेरॉक्स काढून शेजारी ठेवली होती, त्यावर बघून.

आता मराठी नावांचा प्रश्न. एका ठिकाणी 'श्री. कुलकर्णी' टाइप केलं तर रफार भलत्याच अक्षरावर गेला.

अल्बमवाला_सांगली

ताई, नावं फोटोवर टाकूच नका. तीन कारणं आहेत. एक, नाव चुकलं तर पूर्ण फोटो परत करावा लागतो, आणि साठ वर्षांपूर्वीच्या ग्रुप फोटोत नावं चुकणारच. दोन, जेपीजीत बसलेली अक्षरं छपाईत कडांना फुटतात. तीन, हा रफाराचाच घोळ. देवनागरीत टाइप केलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा असतो, तो जुळवणारी यंत्रणा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये नसते किंवा सेटिंगमध्ये बंद असते. फोटोशॉपमध्ये मजकुराच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावं लागतं. कुठलंही नवीन सॉफ्टवेअर घेतलं की 'क्षत्रिय', 'कुलकर्णी', 'निश्चिती' हे तीन शब्द टाइप करून बघायचे, लगेच कळतं.

तुम्ही असं करा, नावांची वेगळी वर्ड फाइल बनवा, युनिकोडमध्ये. फोटोचा नंबर, आणि त्याखाली डावीकडून उजवीकडे नावं. प्रेसवाला पान लावताना ती घेईल. त्याच्याकडे श्रीलिपी (युनिकोडआधीची मराठी फॉन्टची प्रणाली) असली तरी युनिकोडवरून बदलून घेता येतं. फक्त बदलल्यानंतरचं प्रूफ स्वतः तपासा, 'ऱ्य' आणि 'ॲ' यांच्यावर विशेष नजर ठेवून.

उंदीरमामा

+१. फोटोवर अक्षरं लागलीच, समजा मुखपृष्ठासाठी, तर गिम्प आणि इंकस्केपमध्ये जोडाक्षरं बरोबर बसतात. तेवढ्यापुरतं वापरा.

पैलतीर

जर्मनीहून. तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर नाही, पण एक सांगावंसं वाटतं. या तक्रारी लिहून कळवा. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये फोटोशॉपवाल्या अडोबी कंपनीच्याच लाइटरूम या सॉफ्टवेअरमधला फोटो आत घ्यायचा पडदा 'सोपा' करण्याच्या नादात बदलला होता, लोकांच्या कामाच्या सोयी त्यातून गेल्या. इतकी पत्रं गेली की अडोबीने जाहीर माफी मागितली आणि पुढच्याच महिन्यात जुना पडदा परत आणला. गिम्पसारख्या मुक्त प्रकल्पांची तक्रारपेटी तर सर्वांना खुली असते. 'वापरायला वाईट आहे' असं लिहून उपयोग नाही. तुम्ही इथे लिहिलंत तसं लिहायचं: काय करायचं होतं, काय केलं, पडद्यावर काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. तुमचा दुसरा परिच्छेद भाषांतर करून जसाच्या तसा पाठवता येईल. हवं असेल तर मी इंग्रजी करून देतो.

कृष्णाकाठ

नक्की द्या. सरांना आवडेल ते.

एक शेवटचं विचारते. स्कॅन किती डीपीआयला (इंचाला किती ठिपके) करावं? आणि काही कृष्णधवल फोटो पार पिवळे पडलेत, ते स्कॅनरमध्येच 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडून घ्यावेत का?

अबोलीची_आई

पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० पुरे. चार बाय सहा इंचाचे २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे छपाईच्या ३०० च्या हिशेबाने दुप्पट मोठा छापता येतो. पासपोर्टएवढ्या फोटोंना १२०० घ्या. टिफमध्ये साठवा. जेपीजी शेवटी, प्रेसला देताना.

अल्बमवाला_सांगली

ब्लॅक अँड व्हाइट अजिबात निवडू नका, रंगीतच स्कॅन करा. यात एक युक्ती आहे. रंगीत फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा असतो, त्यांना चॅनेल म्हणतात. पिवळा-तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे फोटोच्या निळ्या चॅनेलमध्ये तो सर्वांत काळा दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. फोटोपीत 'चॅनेल मिक्सर' उघडा, 'मोनोक्रोम'ची खूण करा, लाल शंभर, हिरवा आणि निळा शून्य. गिम्पमध्ये तिरकी रेघ दाबून 'मोनो मिक्सर'. चहाचे डाग, डिंकाचे डाग, एकूण पिवळेपणा, पुष्कळसं काम ब्रश न लावता होतं. स्कॅन करतानाच राखाडी केलंत तर हे तिन्ही चॅनेल एकत्र होऊन जातात आणि मग डाग हाताने काढत बसावं लागतं. पांढऱ्या बुरशीला मात्र याचा उपयोग नाही.

स्कॅनरमधलं 'डस्ट रिमूव्हल' आणि 'शार्पन' दोन्ही बंद ठेवा. आणि प्रत्येक फोटोच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने हलकेच नंबर टाका, तोच नंबर फाइलच्या नावात आणि तोच वर्ड फाइलमध्ये. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.